चिखलदऱ्याला मी नव्हते

बाबा, येत्या शनिवार-रविवारी सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचं ठरलं आहे, आणि ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. घरात शिकलेली मी एकटी, म्हणून फॉर्म भरणं, दवाखान्यात डॉक्टरांशी बोलणं आणि आता ही सहल, सगळं माझ्याच वाट्याला येतं. अकोल्याहून मी, तुमचे जावई आणि आमची मुलगी, बडनेऱ्याहून आई, दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा. आईच्या गुडघ्यांना झेपेल असं सपाट चालणं, मुलांसाठी बोट, सकाळी पक्षी बघणं, वेळ उरलाच तर बॅडमिंटन. आठ दिवस मी वहीत हेच लिहिते आणि खोडते आहे. उलटीच्या गोळ्या किती घ्यायच्या, आणि गोळी घेऊनही कुणाला गाडीत उलटी झालीच तर पिशव्या किती. तुमचे जावई म्हणतात, "अगं, दोन दिवसांसाठी जातोय, बदली नाही झाली."

सगळ्यांना चिखलदराच हवं आहे. मी सांगितलं, तिथल्या खोल्या भरल्या, आपण काटेपूर्णाच्या धरणावर जाऊ. हे खोटं होतं. मी चिखलदऱ्याला एकही फोन केला नव्हता. ऑफिसातली टाचणीसुद्धा घरी न आणणारी मी आईशी सरळ खोटं बोलले. "काहून वं, सगळ्याच भरल्या?" दादानं विचारलं, तेव्हा "सगळ्याच" म्हणताना माझा आवाजही हलला नाही.

मी नववीत होते. तुमच्या रेल्वेच्या गँगमधल्या लोकांनी घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याला जायला गाडी ठरवली होती. लग्न, मयत आणि नागपूरची दीक्षाभूमी सोडून आपण चौघं कधी कुठं गेलो नव्हतो. मी म्हटलं, शनिवारी माझा पेपर आहे. तुम्ही लगेच म्हणालात, "पेपर सोडून कुठं जातं वं? आमी तं फिराले जाऊन राहिलो. तू पेपर दे, साहेबीन हो, मंग आमाले ने." मला शेजारच्या काकूंकडे ठेवून तुम्ही तिघं गेलात. ती भूगोलाची वीस मार्कांची चाचणी होती. सोमवारी वर्गात एक मुलगी सांगत होती की ती मामाकडे गेली होती, वडिलांची चिठ्ठी दिली आणि काम झालं. चाचणी बुडवता येते, बोर्डाची परीक्षा नाही, हे आपल्या घरात कुणाला ठाऊक असणार? मलाही नव्हतं. पेपर म्हणजे पेपर. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मग मी बारावीत असताना तुम्ही गेलात. न्यायचं राहूनच गेलं.

दादाच्या घरी त्या सहलीतला, बोटीतला फोटो अजून भिंतीवर आहे. तुम्ही कुणाचा तरी काळा चष्मा लावून बसला आहात, शेजारी आई, मध्ये नापास झालेला दादा दात काढून हसतो आहे. त्याचा कसला पेपर नव्हता. बोट हलली तेव्हा तुम्ही लहान मुलासारखे ओरडलात, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मला पाठ आहे, पण सांगायचा हक्क त्यांचा. परवा तर वहिनी सांगत होती, हातवारे करून. तिनं तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही. मी भाजी चिरत ऐकत होते आणि सुरी जरा जोरात चालत होती.

काल आईचा फोन आला. "खोल्या भरल्या तं पुढच्या आठवड्यात पाह्य. मले चिखलदऱ्यालेच जायचं हाय."

"आई, काटेपूर्णालाही बोट आहे."

"बोट घालतं का चुलीत! तुहे बाबा जनमभर पुढं चालले, मी मागं. बाजारात तसंच, लग्नात तसंच. तिथं एक दिवस संगंसंगं चालले. मले तो रस्ता पाह्यचा हाय, गुडघे चालतात तोवर."

मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, मला आईचाही हेवा वाटला. तुम्ही मला शाळेत सोडायला यायचात तेव्हाही पुढंच असायचात, मी दप्तर सावरत मागून पळायची.

आज दुपारी मी खरोखर फोन केला. दोन खोल्या मिळाल्या, याच शनिवारच्या. आईला सांगितलं की कुणीतरी बुकिंग रद्द केलं. हे दुसरं खोटं. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आईचं चालणं, असं वहीत लिहून ठेवलं आहे. ती रस्त्यावर थांबून थांबून सांगेल, दादा मध्येच भर घालेल, वहिनीसुद्धा घालेल. त्या वेळी मी मुलीला शू लागली म्हणून तिला घेऊन मागे राहणार आहे. हे मात्र वहीत नाही. मुलीलाही अजून सांगितलेलं नाही.