स्पर्धा नको, सोडतच बरी

जुने शहर, अकोला
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सुभद्रा,

ताईचा सप्रेम जयभीम. तू, धर्मपालराव अन् आकांक्षा मजेत असाल. इकडे आमी बरे आहोत. आमच्या यायचे गुडघे दुखतात, माही झोप कमी झाली, बाकी ठीक. थंडी पडून राहिली. तुमच्या चांदूर रेल्वेले जास्तच असेल. वर्ष झालं, तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. किती वर्षांनी पत्र लिहून राहिली मी! हात दुखून आला, एवढ्यातच.

कंपनीचं चालू आहे. आमचे मालक खुशालराव दिवाळीच्या दोन महिने आधी मले बोलावतात अन् विचारतात, "ललिताबाई, औंदा गिऱ्हाईक कसं ओढाचं?" मसाल्याच्या धंद्यात सगळ्यायचं तिखट सारखंच लाल. पाकिटासोबत बक्षिसाची आशा द्यावीच लागते.

मागच्या वर्षी मी स्पर्धा ठेवली होती. तुले काय सांगाचं, तू होतीसच. जवसाची चटणी, अन् जी जिंकेल तिच्या नावानं पाकीट निघेल. औंदा मात्र मी पहिल्याच दमात सांगितलं, स्पर्धा नको, सोडतच बरी. आमचा वकील अनुप बसला होता. तो म्हणे, स्पर्धा म्हणजे हुनर, तिथं परीक्षक कोण अन् गुण कशाले ते आधी छापा. सोडत म्हणजे निव्वळ नशीब, पण कुपन फुकट वाटा. माल घेतल्याशिवाय कुपन नाही म्हटलं की ती लॉटरी होते अन् लफडं मागं लागते.

खुशालराव म्हणाले, "स्पर्धेचा गाजावाजा जास्त होते. सोडत काहून?"

मी म्हटलं, "सोडतीत कोणाचं मन दुखत नाही. चिठ्ठी निघाली तर निघाली. हरवणारा माणूस कोणी नसते."

त्यायले पटलं. खरं कारण मी सांगितलं नाही. मले पुन्हा त्या परीक्षकाच्या खुर्चीवर बसाचं नव्हतं.

आता लिहितेच. आज नाही लिहिलं तर पुन्हा हिंमत होणार नाही.

वाट्यांवर नंबर होते, नावं नव्हती. चौदा नंबरची चटणी जिभेवर ठेवली अन् मले समजलं. मिक्सरातली नव्हती, खलात कुटलेली. जवस जरासा करपेपर्यंत भाजलेला, आपली आई भाजे तसा. बाकीच्या दोघी परीक्षकायनं तुले पहिलं ठेवलं होतं, सुभे. दोघीयनं! मी माह्या कागदावर इतके कमी गुण टाकले की बेरीजच उलटली.

काहून? कंपनीत त्या टेबलावर आपल्या समाजाची मी एकटी. बाबा म्हणत, आपलं काम असं पायजे की कोणाले बोट ठेवाले जागा राहू नये. मले वाटलं, तू जिंकलीस की लोक म्हणतील, "पायलं? खुर्ची भेटली अन् बहिणीले वाटलं." ते बोलणं कानावर येऊ नये म्हणून मी तुहा बळी दिला. कर्मचाऱ्यायच्या नातेवाइकायले भाग घेता येणार नाही, हा नियम मीच छापाले पायजे होता. तो छापला नाही, अन् न छापलेला नियम तुह्या एकटीवर चालवला.

अन् तू विचारलंस, "ताई, माहं काय चुकलं?" तर मी म्हटलं, "मीठ जास्त झालं."

मीठ बरोबर होतं. तुहं काही चुकलं नव्हतं. उन्हाळ्यात बसस्टँडवर आकांक्षा भेटली. म्हणे, "मावशी, आई आता भाजी चाखाले मलेच देते. तिले सोताच्या जिभेचा भरवसा नाही राहिला." मी पोरीसमोर हसली. घरी आली अन् पदर तोंडात घालून रडली.

एवढंच असतं तर तुह्या दारात येऊन पाय धरले असते. पण आणखी आहे.

यंदाच्या सोडतीले घरघंटी होती. पीठ दळाची, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, झकास. नातेवाइकायले मनाई मी यंदाही छापली नाही. म्हटलं, नशिबाले कायचा नियम. दोन तारखेले कंपनीच्या दुकानासमोर मांडव टाकला, माइक माह्या हातात. गर्दीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं डब्यात हात घातला अन् चिठ्ठी मले दिली. तिच्याजवळ चष्मा नव्हता.

सौ. सुभद्रा धर्मपाल, चांदूर रेल्वे. अक्षर आकांक्षाचं. तुले तिनं सांगितलंही नसेल.

हजारो कुपनातून तुहंच निघालं, बाई! यात माहा हात नव्हता, गुण नव्हते, काहीच नव्हतं. नुसतं वाचाचं होतं. तू दळण सुरू कराचं म्हणून किती वर्षांपासून जीव टाकून राहिलीस, हे का मले माहीत नव्हतं? तरी लोकायच्या त्याच बोलण्याच्या धाकानं मी माइकवर म्हटलं, "अक्षर लागत नाही, दुसरी काढा." चिठ्ठी मुठीत चुरगाळली. दुसरं नाव निघालं, टाळ्या झाल्या. ती बाई टेम्पोत घरघंटी घेऊन गेली. तिचा काही दोष नाही.

पंधरा दिवस मी ते पोटात ठेवलं. आता सहन होत नाही, थकली मी या चांगल्या नावापायी.

आज सकाळी खुशालरावच्या घरी गेली अन् दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यायनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "नुकसान तुमच्याच बहिणीचं झालं ना? कंपनीचं काय गेलं? चूप राहा, बाई."

मी म्हटलं, "साहेब, कंपनीचं काही गेलं नाही, म्हणूनच मी दोनदा करू शकली."

ते म्हणाले, बोललात तर टेबल सोडा. ठीक आहे. पुढच्या रविवारी सकाळी अकरा वाजता, त्याच दुकानासमोर, माइक नसला तर तोंडानं, मी दोन्ही निकाल खरे सांगणार आहे. स्पर्धेचाही अन् सोडतीचाही. घरघंटी द्याची की नाही, पाकिटावरचं नाव बदलाचं की नाही, ते मालक पायतील. ते माह्या हातात नाही.

तू ये असं मी म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही. तू लहानपणापासून "जाऊ दे ताई" म्हणत आलीस, या वेळी म्हणू नको. तू आली नाहीस तरी मी सांगणार आहे.

आकांक्षाले गोड पापा. धर्मपालरावले जयभीम.

तुहं नाव दोनदा ओळखून दोनदा गिळणारी,
तुही ताई
ललिता