तुम्ही पाठवलेल्या पुराणाची समाप्ती

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

तालुका निलंगा, जिल्हा लातूर
(हात सवयीनं उस्मानाबाद लिहायला गेला होता, तो आवरला. जिल्हा नवा झाला, कचेरी नवी झाली, पाट्या नव्या रंगवल्या. पाणी तेवढं जुन्या जिल्ह्यात राहिलं असेल, कारण इकडे काही आलं नाही.)

रा. रा. गुरुपादप्पा भाऊजी यांना वहिनी रत्नम्माचा शरणार्थ.

इकडे सगळे जिवंत आहेत. सुखरूप आहेत असं लिहायची पद्धत आहे, ती पाऊस पडल्यावर पाळीन. तुमचा खोकला कसा आहे? जाऊबाईंचे गुडघे कसे आहेत? तुम्ही नागडे अंगणात फिरत होता तेव्हा मी या घरात सून म्हणून आले, तुमचा शेंबूड पुसला, तरी आज अहो-जाहो करून राहिले. का, तर तुम्ही नांदेडात हेडमास्तर झालात, रिटायर झालात, आणि लोकांनी सत्कार करून तुमच्या गळ्यात भगवं उपरणं घातलं. त्या उपरण्यानंच सगळा घोटाळा केला. तेच सांगायला बसले आहे. माझं अक्षर लागलं नाही तर चष्मा पुसा. मठातल्या स्वामींनी पाटीवर बाराखडी शिकवली आणि पुढं काही शिकवायच्या आत माझं लग्न लागलं, एवढ्या शिक्षणावर हे पत्र चाललं आहे.

तर आपली जगदेवी, तुमचा पुतण्या माणिकप्पा त्याची मुलगी, माझी नात, औश्याचं सासर सोडून उन्हाळ्यात परत आली हे तुम्हाला मालूम आहे. का आली ते कुणी लिहिलं नसेल, म्हणून लिहिते. टँकरची घागर तिच्या हातून उंबऱ्यात सांडली आणि जावईबापूंनी तिला मारलं. नाव श्रीमंत, आणि हात सोडायला कधी कंजुषी नाही. ती पहिली वेळ नव्हती. पोरगी रात्र तिथंच काढून सकाळच्या एस्टीनं आली, रडली नाही, म्हणाली, "आजी, मी आता जायची न्हाई." माणिकप्पा यावर काहीच बोलला नाही (माझा मुलगा आहे, पण त्याच्या तोंडात जीभ आहे की नाही याची मला अजून शंका आहे). गाव मात्र बोललं. बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं आणि तिच्याबद्दल बोलणं धरलं.

तेवढ्यात तुमचं पार्सल आलं. आत ती जाडजूड जुनी कादंबरी, आणि चिठ्ठी की "या ग्रंथातून जगदेवीला नीतीचा मार्ग दिसेल आणि ती मुकाट नांदायला जाईल." भाऊजी, कागदात गुंडाळलं असतं तर काही झालं नसतं. तुम्ही ते सत्काराच्या भगव्या उपरण्यात बांधलं, आणि वर खूण म्हणून पानांत वाळलेलं बेलाचं पान घातलं. पोस्टमन ते डोक्यावर धरून घेऊन आला. मठासमोर टँकरसाठी घागरींची ओळ लागलेली, सगळ्या बायका बसलेल्या. दुकानवाली उमादेवी बघून उठली, घागर खाली ठेवली आणि हात जोडले. म्हणाली, "नांदेडच्या मास्तरांनी पुराण पाठवलं गं!"

आता तुम्ही म्हणाल, वहिनी, तुम्ही खरं का सांगितलं नाही. ऐका. दर श्रावणात मठात पुराण लागतं, एकजण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो, हे तुम्ही लहानपणी माझ्या मांडीवर झोपून ऐकलं आहे. यंदा वाचणाऱ्या स्वामींनी निरोप धाडला की गावात आंघोळीला पाणी नाही, मी येत नाही. बायका चुकचुकत बसलेल्या. मी विचार केला, पुराण वाचणारीला उंच पाट मिळतो आणि ऐकणाऱ्या तिच्या पायाशी बसतात. जगदेवी मॅट्रिक आहे. ज्या बायका तिच्याशी बोलत नाहीत त्यांना रोज दुपारी तिच्यासमोर हात जोडून बसावं लागेल. मग मी म्हटलं, हाव, पुराणच आहे. अर्थ सांगायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी बसले.

आणि खोटं तरी काय होतं त्यात? तुमचंच म्हणणं की ग्रंथ नीतीचा आहे. लेखकानं पानापानावर "प्रिय वाचक भगिनींनो" म्हणून हाक मारली आहे. कथा अशी की प्रमिला नावाची गोरी मुलगी असते (सगळे चांगले लोक गोरे आहेत, काळं माणूस आलं की समजायचं आता काहीतरी वाईट होणार. आमच्या ओळीत उन्हात बसून सगळ्याच काळ्या झालेल्या, पण पहिल्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही). प्रमिला चार बुकं शिकते, केसांत गुलाब खोवते, आणि तिथून पुढं तिचं वाटोळं सुरू होतं. बायका माना डोलवून ऐकत होत्या आणि प्रत्येक गुलाबाला पाटावरच्या जगदेवीकडे बघत होत्या. तिच्या केसांत काही नव्हतं तरी.

मग घरातली नथ चोरीला जाते. लेखक म्हणतो, घरात जातीनं हलका एक गडी होता, त्याचे हात मुळातच चलाख, त्यानंच नेली. सगळ्या बायकांनी "असंच असतंय" म्हणून मान हलवली. तिथं केवळाबाई बसलेली होती. तिच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तिचा मुलगा आता लातूरला नव्या कचेरीत क्लार्क आहे. (पूर्वी विहिरी वेगळ्या होत्या. आमची आटली, त्यांची पण आटली, आणि सरकारनं टँकर एकच धाडला. तरी उमादेवी आपली घागर हातभर लांबच ठेवायची.) केवळाबाई चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "पोरी, मागलं पान परत वाच बरं." जगदेवीनं वाचलं. नथ गेली त्या दिवशी तो गडी गुरं घेऊन रानात गेलेला होता! लेखकानंच तसं लिहिलेलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण अर्थ मी सांगायचा. मी म्हटलं, "घरात त्या वक्ताला लिहिणाऱ्याशिवाय दुसरं कुणीच नव्हतं. म्हणजे अर्थ असा की नथ लिहिणाऱ्यानं नेली." केवळाबाई इतकी हसली की तिची घागर कलंडली (रिकामी होती). उमादेवीला मात्र आवडलं नाही. म्हणाली, "शिकलेला माणूस हाय तो. उगीच लिहील का?"

पुढच्याच अध्यायात तिच्यावर आलं. गावात एक वाणी असतो, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि तराजूच्या पारड्याखाली बोट. विधवेला तांदूळ कमी देतो आणि वर शिवाचं नाव घेतो. उमादेवी ताडकन उठली. "लिहिणारा खुळा हाय! आमच्या जातीत असलं कुणी करत न्हाई!" आणि केवळाबाई, डोक्यावरचा पदर नीट करत, अगदी उमादेवीच्या आवाजात, "शिकलेला माणूस हाय तो, बाई. उगीच लिहील का?" मग जे काही झालं ते पुराणाला शोभणारं नव्हतं. माझ्याकडे अर्थ आला. मी सांगितलं की हा वाणी पुण्याकडचा आहे, आपल्याकडचा नाही. गेल्या आठवड्यात उमादेवीनं मला गूळ कसा तोलून दिला हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण पुराणात मध्येच गूळ आणू नये म्हणून गिळलं.

त्यानंतर दोघी जरा नरम पडल्या. मग लेखकानं सगळ्यांनाच धरलं. प्रमिलेच्या लग्नात मोगलाईतून एक पाहुणा येतो, म्हणजे आपल्या निजामाकडचा. तो लई लई करून बोलतो, ताट बाजूला सारून पत्रावळ मागतो, आणि त्याला पाण्याचा नळ उघडता येत नाही. पुण्याची मंडळी पोट धरून हसतात. नळाचं तर मला खरंच लागलं. भाऊजी, नळ आधी असावा लागतो, मग तो उघडता येतो. त्या दिवशी अर्थ सांगायची गरज पडली नाही. उमादेवीनं पहिल्यांदा आपली घागर केवळाबाईच्या घागरीला टेकवून ठेवली आणि दोघींनी मिळून लेखकाला ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहीत नाही, कारण त्यातल्या अर्ध्या कानडी होत्या.

पण एक गोष्ट बघा. चोराचं आलं तेव्हा केवळाबाई बोलली. वाण्याचं आलं तेव्हा उमादेवी बोलली. मोगलाईचं आलं तेव्हा सगळ्या बोलल्या. आणि प्रमिला नवऱ्याचा मार खाऊन माहेरी येते, लेखक तिला पान पान भरून कुलटा म्हणतो, तेव्हा कुणीच बोललं नाही. जगदेवी आपल्याच तोंडानं ते वाचत होती, आवाज न हलवता, आणि वाचून झालं की खाली उतरून आपली घागर उचलून घरी नेत होती. रिकामी. कारण ओळीचा नियम असा की घराला एक घागर, आणि सासर सोडलेली बाई कुठल्या घरात मोजायची हे ठरलेलं नाही. तिची घागर ओळीत लावूच देत नव्हत्या.

समाप्तीच्या दिवशी औश्याहून विहीणबाई आल्या. तुम्हीच त्यांना पत्र घातलं होतं म्हणे, की श्रावण संपताना या, ग्रंथ वाचून पोरगी तयार असेल. (मला विचारलं नाही. लिहून ठेवते, भेटल्यावर बोलू.) श्रीमंत चहाच्या टपरीवर बसला आणि विहीणबाई नवं लुगडं नेसून सगळ्यात पुढं. माणिकप्पानं पोरीची पेटी बांधून दारात आणून ठेवलेली. जीभ नाही, पण हात आहेत त्याला. विहीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकू दे शेवटचा अध्याय. त्यात सगळं हाय म्हणं. मग चला."

जगदेवीनं वाचलं. प्रमिलेला पश्चात्ताप होतो. ती पावसात (त्यांच्याकडे पडतो) चालत सासरी जाते, नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवते, तो क्षमा करतो, आणि ती हसतमुखानं तिथंच प्राण सोडते. नवरा दुसरं लग्न करतो, ती बायको गोरी असते. शेवटी लेखक म्हणतो, भगिनींनो, यातून बोध घ्यावा. विहीणबाईंनी डोळे पुसले. बायकांनी पण पुसले. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या, कारण अर्थ सांगितल्याशिवाय पुराण पुरं होत नाही आणि कुणाला उठता येत नाही.

भाऊजी, मी काही ठरवून गेले नव्हते. मी जगदेवीला म्हटलं, "ती माहेरी होती तेव्हा तिची तब्येत कशी होती?" ती पानं चाळून म्हणाली, "चांगली होती, आजी. बागेत झाडं लावत होती." मी म्हटलं, "आणि सासरी गेल्यावर?" ती म्हणाली, "दोन पानांत मेली." मी म्हटलं, "मग बायांनो, अर्थ उघड हाय. ग्रंथ सांगतोय, परत गेली की मरते. जाऊ नका."

विहीणबाई म्हणाल्या, "असा अर्थ नसतोय!" आणि उमादेवी, हीच उमादेवी जी रोज म्हणायची की पोरीला परत धाडा, ती हात जोडून म्हणाली, "पुराणातच लिहिलंय तर आम्ही काय करणार, बाई? शिकलेला माणूस हाय तो." केवळाबाईनं बाहेर जाऊन जगदेवीची घागर उचलली आणि ओळीत, आपल्या आणि उमादेवीच्या मधे, ठेवली. तेवढ्यात टँकर आला. विहीणबाई आणि जावईबापू कोणत्या एस्टीनं गेले ते कुणी बघितलं नाही. पाणी आलं की माणूस बघत नाही. माणिकप्पानं पेटी परत आत नेली आणि या वर्षातलं पहिलं वाक्य बोलला. म्हणाला, "बरं झालं."

तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे. जाऊबाईंना शरणार्थ. आता पुरं करते, हात दुखून राहिला आहे.

आपली वहिनी,
रत्नम्मा

ता. क. ग्रंथ परत मागू नका. बायकांनी तो मठात देवळीत ठेवला आहे, रोज विभूती लावतात. पुढच्या श्रावणात परत लावणार. असलंच आणखी एखादं असेल तर पाठवा, चांगलं नको. चांगल्यात भांडायला काही सापडत नाही.

ता. क. माणिकप्पानं पेटी आत नेली असं वर लिहिलं, ते खरं आहे, पण ती काल परत बाहेर काढली. जगदेवीला नांदेडात नर्सच्या शिक्षणाला जागा मिळाली आहे. केवळाबाईच्या मुलानं लातूरहून तिचे कागद करून दिले. ती तुमच्याकडे राहील, मागच्या खोलीत, जिथं तुम्ही रद्दी ठेवता. रद्दी काढा. तिची ओळीतली घागर आता माझ्याकडे आली, म्हणजे घराला दोन झाल्या. तेवढं एक चांगलं झालं.

ता. क. हे पत्र पोस्टानं पाठवलेलं नाही, हे पाकिटावर तिकीट नाही त्यावरून तुमच्या ध्यानात आलं असेलच. आणणारी दारात उभी आहे. आधी पाणी द्या. उपदेश मागून.