मोरीकडचा ढाळ

३ मे
मोबाइलवर जुन्या लाकडाच्या फ्लोअरिंगचा व्हिडिओ पाहिला. निर्णय झाला. सोळा तारखेला सत्यजीतचं लग्न, त्याच संध्याकाळी सूनबाई वैष्णवी शिरूरच्या घरात येणार. तिच्या माहेरच्या, राहू गावच्या पाहुण्यांना काय नुसती शहाबादी फरशी दाखवायची?

सिंधूचं वेगळंच. फरशीला मोरीकडं ढाळ आहे. ती नवरी म्हणून आली तेव्हा पाय लावलेलं माप तांदूळ सांडत थेट मोरीत गेलं. सगळी भावकी हसली. सुनेचं तसं होऊ नये, एवढंच तिला हवंय. शब्द दिला.

५ मे
शिक्रापूरहून कंपनीच्या जुन्या पॅलेटच्या फळ्या आणल्या. मेहुणे बाळासो म्हणाले, माझा गवंडी सरळ कोबा करून देईल. नम्रपणे नकार दिला. त्यांना सौंदर्यदृष्टी नाही.

६ मे
आज फक्त प्लॅनिंग. दुपारी झोप.

१० मे
फळ्या दारापासून मोरीच्या दिशेनं ठोकतोय. खोली लांब दिसते. दार आता अर्धंच उघडतं. मुळात दारच चुकीचं बसवलेलं.

१२ मे, सकाळी
मोरीकडची बाजू उचलायला पाचरी कमी पडल्या. उरलेल्या लग्नपत्रिका घड्या घालून फळ्यांखाली सरकवल्या. मोबाइलच्या ॲपमध्ये लेव्हल हिरवी, म्हणजे जमीन सपाट. बाळासोंना फोटो पाठवला.

संध्याकाळी
पत्रिका उरलेल्या नव्हत्या म्हणे. दौंडकडं वाटायच्या होत्या. सिंधू बोलत नाही. कामाला शांतता लागतेच.

१६ मे
पत्रिका दबल्या असाव्यात.

उंबरा फळ्यांखाली गेल्यामुळं माप फळीवरच ठेवलं होतं. वैष्णवीनं उजवा पाय लावला. तांदूळ सांडले आणि माप निघालं. दोन फळ्यांमधली फट धरून, कुठंही न अडखळता, मोरीत. भावकी हसली. सिंधूचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं, पण ॲप हिरवंच होतं.

वैष्णवी शालू सावरत मोरीपर्यंत गेली, माप उचलून तिनं सासूच्या हातात दिलं. "आत्या, तुमचं बी हितंच गेलं हुतं न्हवं?"

 सिंधू पदर तोंडाला लावून हसायला लागली. "व्हय गं. पर तवा निदान फरशी हुती."

दोघी माझ्याकडं बघून किती वेळ हसत होत्या.

१८ मे
उद्यापासून बाळासोंचा गवंडी. सकाळी पहिली फळी बंबात गेली. पाणी झकास तापलं. लाकूड उत्तम आहे, हे मी पहिल्यापासून सांगतोय.