माझ्या हाताने बसवलेला प्लग

प्रिय पुष्कर,

परवा फोनवर तू म्हणालास, आई, वयामुळे हात थरथरतात तुझे, प्लगला जोर लागला नसेल, सोडून दे आता. मी कानडीत "सरी", म्हणजे "बरं", एवढंच म्हणून फोन ठेवला. तो होकार होता असं वाटलं असेल, तर एवढी वर्षं बेंगळुरात राहून तू काही शिकला नाहीस. मला राग आला होता, अजूनही आहे. एचएसआर लेआउटहून जे. पी. नगरला यायला तुला सवड नसते आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

घडलं ते पहिल्यापासून सांगते, कारण तुमच्या कंपनीने ते उलटंच लिहिलंय. आपली वरच्या मजल्यावरची भाडेकरू केतकी अॅनिमेशनचं काम करते. तिने कॉम्प्युटर घरीच जोडायला घेतला. त्यात तुमच्या कंपनीचं ते विटेएवढं ग्राफिक्स कार्ड. त्याला वीज पुरवणारा प्लग जोरात दाबायला पोर घाबरत होती, म्हणून तिने मला हाक मारली. मी तो बसवला, खट् आवाज ऐकला, ओढून पाहिला, पुन्हा दाबला. तीन आठवड्यांनी भर दुपारी प्लॅस्टिक जळल्याचा वास जिन्यात आला. मी धावत वर जाऊन मेन स्विच पाडला. प्लगची एक कड वितळून कार्डाला चिकटली होती.

कंपनीने कार्ड नेलं आणि उत्तर पाठवलं: प्लग पूर्ण बसवलेला नव्हता, चूक वापरणाऱ्याची. केतकी मला एका शब्दाने बोलली नाही. पण गेल्या आठवड्यात तिच्या पंख्याचा रेग्युलेटर बिघडला, तर तिने बाहेरून माणूस बोलावला. आजवर असलं काम माझ्याशिवाय झालं नव्हतं. ते मला फार लागलं. चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात मी जोडण्या तपासल्या, माझा शिक्का पडल्याशिवाय पेटी हलत नसे. हात थरथरतात म्हणतोस ना? ये, आणि माझ्यासमोर बसून सुईत दोरा ओवून दाखव. आधी कोणाचा जातो ते बघू.

मी इथल्या शिवाजीनगरला रोशनकडे गेले. तो असली कार्डं दुरुस्त करतो. त्याने ड्रॉवरमधून तसेच वितळलेले चार प्लग काढून ठेवले आणि विचारलं, अक्का, हे सगळेच दाबायला विसरले का? अरे पुष्कर, भल्यामोठ्या कार्डाची सगळी वीज त्या बोटभर प्लगमधल्या सहा तारांनी वाहायची. एका घरातल्या सहा जावांसारखं आहे ते. दोघींनी अंग चोरलं की बाकीच्या राबून तापतात, आणि कोण किती राबतंय हे बघायला तुमच्या कार्डात कुणीच नाही. चूक हाताची ठरवली की प्लग सुधारायला नको, हे तुम्हाला सोयीचं. पण पुढच्या वेळी ज्या घरात जळेल, तिथे स्विच पाडायला माणूस नसला तर? म्हणून मीच केतकीला ग्राहक आयोगात तक्रार करायला लावली.

आणि पुरावा तुमच्याच अहवालात आहे. प्लग बसवल्यावर मी माझ्या सवयीने प्लग आणि कार्ड यांच्या सांध्यावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली होती. कारखान्यात आम्ही प्रत्येक जोडणीवर अशी रेघ ओढायचो. फट असली किंवा जोड नंतर सरकला, की रेघ तुटते. अहवालातल्या फोटोत, न वितळलेल्या बाजूला, ती अखंड दिसते आहे. तुझ्या पहिल्या सायकलच्या नटांवरही मी अशाच रेघा ओढल्या होत्या. मुलं हसतात म्हणून तू रडत रडत त्या खरवडून काढल्यास. म्हणून फोटोतली रेघ कोणाची हे तुला कळलं नाही, असं मला सांगू नकोस.

हे आजच लिहिण्याचं कारण सांगते. आमच्या वकीलबाईंनी मंगळवारी मला अहवालाचं शेवटचं पान दाखवलं. तपासणी करणाऱ्याची सही तुझी आहे. मी दोनदा चष्मा पुसला. खूप रडले, हे तुझ्या बाबांनाही माहीत नाही. वरून दबाव असतो, मान्य. जनरल मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते, तरी सदोष पेटी मी परतच पाठवली होती. सोमवारी आयोगापुढे माझं शपथपत्र दाखल होणार आहे. तोपर्यंत तू स्वतः अहवाल मागे घेतलास, तर शपथपत्रातलं एक वाक्य मी माझ्या हाताने खोडेन. नाही घेतलास, तर ते तसंच राहील: "अहवालावर सही करणारा तपासनीस माझा मुलगा आहे, आणि त्याने खोटं लिहिलं आहे."

सोमवारनंतरही तुझीच,
आई