हौदातलं शिळं पाणी

अण्णा,

हौदातले मासे मेले, आणि ते मी मारले असं आईला वाटतं. तसं मीच तिला सांगितलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मध्ये घरात बरंवाईट पुष्कळ घडलं, पण ते तुम्हाला सांगावं असं कधी वाटलं नाही. फोटोपुढे उभं राहून बोलणाऱ्यांतली मी नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, आणि हौद तुमचा आहे.

त्या हौदावरून तुमचं आणि आईचं किती वाजलं होतं! गच्चीवर काळी टाकी आली आणि मागच्या अंगणातला हौद रिकामा पडला. आईला तो फोडून तिथं धुण्याचा दगड टाकायचा होता. तुम्ही मंद्रूपला गावी गेलात आणि येताना ओल्या गोणपाटात कुमुदिनीचे कंद बांधून आणलेत. तुमच्या शर्टाला चिखल, पिशवीला चिखल, आणि एसटीत शेजारी बसलेल्या माणसाच्या धोतरालाही लागला म्हणून तो स्टँडपर्यंत तुमच्याशी भांडत आला, हे तुम्हीच हसत हसत सांगितलंत. आईला हसू आलं नाही. "मानसांना चार-चार दिस पानी न्हाई, आन् ह्यांच्या माशांना हौद," असं ती गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. शाळेत विज्ञान शिकवताना शुद्ध बोलणारे तुम्ही घरी आलात की मंद्रूपचेच व्हायचात. "आगं, बगशील की," एवढंच तुम्ही म्हणालात.

पहिल्या उन्हाळ्यात तुमचं विज्ञान चांगलंच तोंडावर आपटलं. हौसेच्या भरात तुम्ही हिवताप विभागातून फुकट मिळालेले, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडलेत, वर दुकानातले लाल मासे सोडलेत, म्हणजे जवळजवळ अख्खा वर्गच हौदात कोंबलात. वरून आपलं ऊन. पंधरवड्यात पाणी पालकाच्या भाजीसारखं झालं. सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडी टाकायचे, आणि तुम्ही चहाचा कप हातात घेऊन अपराध्यासारखे उभे. मग तुम्ही मासे कमी केलेत, कुमुदिनीची पानं वाढू दिलीत, तळाला पाणी निवळ ठेवणारं शेवाळ लावलंत, कुठून तरी गोगलगायी आणल्यात. अर्ध्या पाण्यावर पानं आणि अर्ध्या पाण्यात आभाळ, असा तुमचा नियम ठरला. पानं जास्त झाली की रविवारी मी काठावर पालथी पडून ती खुडायची, कमी झाली की ऊन थेट आत शिरून पाणी हिरवं व्हायचं. ते पाणी चोखंदळ सासूसारखं आहे असं तुम्ही म्हणायचात, आणि आई तेव्हा तुमच्याकडे नुसतं बघायची.

मला बसलेली बोलणीसुद्धा त्या हौदाच्या काठावरचीच. मी चौथी-पाचवीत असेन. मासे सारखे वर येतात म्हणजे भुकेले आहेत असं वाटून मी कणकेचा गोळाच्या गोळा आत टाकला. तुम्ही कधी ओरडायचा नाहीत, त्या दिवशी ओरडलात. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, म्हणालात. "तू दिल्यालं उरतं, उरल्यालं कुजतं, आन् कुजल्यालं सगळ्यांना मारतं. माया करायची तर मापात कर." मी रडत आत गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही खोकल्याच्या औषधाबरोबर आलेली छोटी चमची धुऊन मला दिलीत. हे तुझं माप, म्हणालात. ती चमची अजून घरात आहे, फक्त आता आईच्या पदराला बांधलेली असते.

कारण तुमच्यामागे हौद तिनंच घेतला. ज्या हौदावरून ती तुमच्याशी आठवडाभर बोलली नव्हती, तो. रोज सकाळी अंघोळ झाली की काठावर बसून ती माशांशी कानडीत बोलते. तुमच्याशी ती कानडीत एक अक्षर कधी बोलली नाही, अक्कलकोटकडच्या तिच्या माहेरच्या भाषेला इथं हसतात म्हणून. माशांना मात्र "बर्री, बर्री, ऊटा आतेनु?" असं विचारते, या या, जेवलात का म्हणून. मी ऑफिसला निघताना ते कानावर पडायचं आणि दिवस बरा जाईल असं वाटायचं.

दोन वर्षांपासून तिला विसर पडायला लागला. आधी गॅस, मग किल्ल्या, मग मी कुठं नोकरी करते ते. वाचायला मात्र ती विसरलेली नाही. पेपर, औषधाचं खोकं, भेळेचा कागद, हातात येईल ते मोठ्यानं वाचते, आणि एकच बातमी तीनदा. दादा पुण्याहून फोन करतो की तिला इकडे आण, एकटी ठेवू नकोस. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. खाली जायचं तर लिफ्ट, लिफ्टचं बटण दाबायला माणूस. तो वाईट नाही, त्याचं चुकतही नाही. पण मागच्या दिवाळीत ती तिथं आठ दिवस होती तेव्हा बाल्कनीत उभी राहून खालच्या पोहण्याच्या तलावाकडे बघत "ह्यात मासं का न्हाईत?" असं विचारत होती. मी दादाला सांगितलं, अजून तिचं तिला जमतंय, एखादी मोठी चूक झाली तर आपण बघू.

ती झाली. त्या दिवशी नळ येणार होता. आपल्याकडे नळ आला की बाई काय करते ते तुम्हाला सांगायला नको. आहे ते सगळं शिळं म्हणून ओतायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. पाण्यासाठी जीव टाकणारं हे गाव भरल्या घागरी गटारात रिकाम्या करतं, का तर नवं पाणी सुटलंय. आईनं जन्मभर हेच केलंय. त्या दिवशी घरातलं सगळं भरून झालं आणि तिला हौद दिसला असणार. तिनं तळाचा चिंध्यांचा बोळा ओढला. त्याआधी मासे घंगाळात काढले, एकेक, पदरानं. नारळाच्या शेंडीनं आणि राखेनं हौद आतून घासला, आत उतरली कशी देव जाणे. शेवाळ काढून टाकलं, कुमुदिनीची पानं पुसली. मग पाईप लावून ताजं पाणी भरलं आणि मासे परत सोडले. हे सगळं त्या संध्याकाळी तिच्याच तोंडून कळलं.

मी संध्याकाळी आले तेव्हा ती काठावर ओल्या लुगड्यात बसली होती, तोंडावर नुसता आनंद. "बग की, कसं लखलखीत केलंय. किती दिसांचं शिळं पानी हुतं!" पाणी काचेसारखं, तळ दिसत होता, आणि नळाच्या पाण्यातल्या जंतुनाशक औषधाचा वास दारापर्यंत येत होता. तुम्ही नेहमी सांगायचात, पाणी लोणच्यासारखं मुरावं लागतं, नवं घालायचं तर पिंपात दोन दिवस ठेवून, आणि तेही बादली-बादलीनं. मी पळत जाऊन गच्चीवरच्या टाकीतलं जुनं पाणी आणून ओतत राहिले. उपयोग झाला नाही. सकाळी सगळे लाल मासे पोटं वर करून पडलेले. एका पानाखाली चार-दोन गप्पी तेवढे हलत होते.

आई तिथं उभी. आदल्या दिवसाचं तिच्या डोक्यात काहीच नव्हतं. ती मेलेल्या माशाला हातात घेऊन मला विचारत होती, "कुनी केलं गं हे? त्याचं हात कसं झडलं न्हाईत?" आणि मी म्हणाले, "मी केलं आई. पाणी बदललं." विचार करून नाही म्हणाले. ते हात तिचे होते आणि ती त्यांना शाप देत होती, ते मला बघवेना.

मला वाटलं, दुपारपर्यंत विसरेल. सगळं विसरते ती. हे विसरली नाही. गल्लीत झालं, भाजीवालीला सांगून झालं, दादाला फोनवर सांगून झालं. दादा स्पीकरवर मला म्हणाला, "अगं, तुला तरी कळायला हवं होतं. अण्णांनी तुलाच शिकवलं होतं ना सगळं?" आई शेजारी मान हलवत होती. मी म्हणाले, हो, चुकलं. नंतर त्याला एकट्याला फोन करून खरं सांगता आलं असतं. मग त्यानं दुसऱ्याच दिवशी गाडी काढली असती. हौदात एकटी उतरणारी बाई त्यानं इथं एक दिवस राहू दिली नसती, आणि मला त्याला अडवायला तोंड राहिलं नसतं. अण्णा, ती या घरात आहे ती सध्या माझ्या खोट्यावर आहे. हे बरोबर आहे का ते मला कळत नाही. आता नळाच्या दिवशी मी रजा टाकते, पण बाकीच्या दिवसांचं काय, हे मनात येतं आणि ऑफिसात आकडे चुकतात.

हौद पुन्हा बसवायला घेतलाय. पिंपात पाणी मुरवते, मंद्रूपहून चुलतभावानं शेवाळ पाठवलं. पण आई मला काठाला उभं राहू देत नाही. "सर तिकडं. मारकी कुटली," म्हणते, आणि काठी आडवी धरते. म्हणून ती दुपारी झोपली की मी चोरासारखी जाऊन सडकी पानं खुडते, बादली ओतते. पाणी अजून हिरवंच आहे. कुमुदिनीला एक नवं पान आलंय, हाताच्या पंज्याएवढं.

परवा रविवारी शेजारच्या अक्का आल्या होत्या. आईनं पुन्हा सुरू केलं, मी कशी निष्काळजी, बापाचं एवढंसं जपता आलं नाही. अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय हे, शिकलेली तू!" माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तो ठेवला आणि म्हणाले, "मी नाही मारले. तू मारलेस आई. तू बोळा काढलास, तू घासलास, तू नळाचं पाणी भरलंस." अक्का उठूनच गेल्या.  आईनं दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग हळूच विचारलं, "मी?" त्या रात्री ती अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, अण्णा. तुम्ही असता तर मापाचं बोलला असता.

आज सकाळी अक्का भीतभीतच डोकावल्या. आई काठावर बसली होती. तिनं त्यांना हाक मारली आणि मी स्वयंपाकघरातूनच कान दिला. "हिनं मारलं बगा मासं," ती म्हणाली. मला एकदम हलकं वाटलं. विसरली, सुटले मी. मग ती पुढे म्हणाली, "पर तिला कायबी बोलू नगा. मुद्दाम न्हाई केलं तिनं. बिचारं शिळ्या पान्यात ऱ्हात्यात, त्यास्नी बी ताजं मिळावं, म्हनून केलं. मायेनंच केलं की."

हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मी फक्त म्हणाले होते, पाणी बदललं. का बदललं ते तिनं विचारलं नव्हतं आणि मी बोलले नव्हते. ती विसरली आहे, की तिला सगळं आठवतंय आणि आता हे खोटं तीही माझ्याबरोबर धरून बसली आहे, ते विचारायचं मला धाडस होत नाही. विचारून काय करू? नंतर तिनं पदराची चमची सोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आज तू घाल. मी घातलं. मापात.

हे घरात ठेवता येणार नाही, ती कागद वाचतेच. लिहून झालं की फाडून न्हाणीच्या चुलीत घालणार. पण तुम्हाला एक सांगायला हवं. मघाशी चहा ठेवायला उठले तेव्हा हा कागद तिच्या खुर्चीसमोर उघडाच ठेवून गेले होते. विसरून नाही.