दाण्याची ती चटणी

आई,

आज मी तेरासी भाजली. ती काय असते ते पुढे सांगते, आत्तापासून नाक मुरडू नकोस. सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्यात, बाहेर स्टुटगार्टचं नेहमीचं राखी आभाळ, आणि घरभर तो वास. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नाकाला पदर लावून तू दारात उभी आहेस असं वाटून मी दोनदा मागे वळून पाहिलं.

तू इथे आलीस तेव्हा बाबांना जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. तोवर आपलं बोलणं कॉलिंग कार्डवर, त्यामुळे तू किती वाळलीस ते मला थेट विमानतळावरच दिसलं. वरणभात कालवायचीस, दोन घास घेऊन ताट सरकवायचीस. मी वैतागून ओरडायचे. मग आमची केरवोखं आली, म्हणजे जिना झाडायची पाळी. मी ऑफिसात, म्हणून झाडू घेऊन तू उतरलीस. खालच्या इंडोनेशियन बाईने तो तुझ्या हातातून काढून घेतला आणि तुला घरात नेऊन बसवलं. भाषा एकीची दुसरीला येत नाही! आलं, गवती चहा आणि ताडगूळ उकळून केलेलं वेडांग जाहे तिने तुला पाजलं, खोबऱ्यात घोळलेले हिरवे क्लेपोन खाऊ घातले. संध्याकाळी मला सांगतेस, "अगं, मोदकच ते! गूळ पोटात आणि खोबरं अंगाला." दुसऱ्या दिवशी तिने गाडो-गाडो पाठवलं. अंडं-मांस नको, एवढं मी तिला बजावलं होतं. उकडलेल्या भाज्या आणि वर दाण्याची तिखट चटणी. तू वाटी बोटाने चाटून पुसून संपवलीस, आणि मग रोजच मागायला लागलीस.

सर्वपित्रीच्या सकाळी मी तिचा वाडगा परत द्यायला गेले, रिकामा नको म्हणून चिवडा घालून. ती तव्यावर एक काळपट वडी भाजत होती. जवळा आंबवून केलेली तेरासी. "चटणीत हीच असते?" "गेनाऊ, अगदी हीच," ती हसली, "हिच्याशिवाय चव कुठली!" तिच्या लेखी तो नुसता मसाला, तिला काय दोष देणार? वर आले तर तू बाल्कनीत बाबांचं पान वाढत होतीस, हातात त्याच चटणीची वाटी.

"त्यांच्या पानावर वाढतेय म्हणून विचारते. यात काही तसलं नाही ना गं?"

कॉलेजात मी चोरून ऑम्लेट खाल्लं होतं तेव्हा तू म्हणाली होतीस, "खाल्लंस ते खाल्लंस, खोटं का बोललीस?" आठ दिवस अबोला धरला होतास. सगळं आठवलं मला. आणि मी म्हटलं, "छे गं, दाणेच आहेत नुसते."

कावळा आला, त्याने आधी चटणीलाच चोच लावली. तू डोळे पुसत म्हणालीस, "बघ, आवडली त्यांना." आणि पोटभर जेवलीस. जाताना बरणी भरून नेलीस, शेजारपाजारच्या सोवळ्या बायकांनाही चाखवलीस. मला लाज वाटते, अजून वाटते. सांगायचं ठरवून कितीदा कार्ड खरवडलं, आणि हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. पुढच्या वर्षी तू गेलीस.

हे तुझ्या फोटोपुढे ठेवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. नाही ठेवत. खरं सांगू? तू आत्ता वाटी घेऊन समोर आलीस आणि तेच विचारलंस, तर मी पुन्हा "छे गं"च म्हणेन. तू जेवत होतीस गं, आई.