वर्नाताईला, पिस्तुलाच्या निवडीविषयी

सॉरल फ्लॅट, टेक्सस
मंगळवार, दुपार (कॅलेंडर समोरच्या भिंतीवर आहे आणि भिंत लांब आहे, तारीख तूच घाल)

थोरल्या वर्नाताईस, तिच्या नव्या गुडघ्यासकट, धाकट्या वेल्डनचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. गुडघा वाकायला लागला हे वाचून बरं वाटलं, आर्कन्सॉच्या पावसाने तुझे टोमॅटो कुजवले हे वाचून वाईट वाटलं. माझी तब्येत ठणठणीत आहे. डोळ्यांचं तू तीनदा विचारलंयस, म्हणून तीनदा सांगतो : उत्तम, उत्तम, उत्तम. गावची पाण्याची टाकी मला रोज सकाळी दिसते. (तिचे पाय दिसत नाहीत, टाकी तेवढी आभाळात तरंगत असते, पण टाकीच्या पायांशी मला काय करायचंय?) खरं सांगू का, यंदा आमच्याकडे सगळंच जरा मऊ झालंय. टेकड्या जमिनीपासून सुटून वर उचलल्यासारख्या वाटतात, पेट्रोल पंपाच्या दिव्याभोवती सोनेरी कडं असतं, आणि गाई कुठे संपतात व झुडपं कुठे सुरू होतात याची आता कोणी फारशी काळजी करत नाही. काल एका काळ्या गाईला मी बराच वेळ समजावलं, ती जागची हलेना. ते मेस्कीटचं झुडूप निघालं. पण गप्पा छान झाल्या.

तर आमच्या शार्लीनचं तुला कळलंच असेल. शेजारच्या कुरणातून कोणीतरी डिझेल चोरून नेलं आणि डॅलसला बसलेल्या माझ्या लेकीची झोप उडाली. तिने फोनवर हुकूम काढला, "पप्पा, एकटे राहायचं असेल तर रोज पिस्तूल जवळ बाळगायचं, परवान्याची परीक्षा द्यायची आणि पास झाल्याचा कागद मला पाठवायचा. नाहीतर सामान बांधा." तिच्या अकराव्या मजल्यावर माझी खोली तयार आहे. पडद्यांचा रंगसुद्धा ठरलाय. ताई, मी या घरात छत्तीस वर्षं काढली. अकराव्या मजल्यावरच्या पडद्यांच्या आड बसून मी काय करणार? म्हणून पिस्तूल घ्यायचं ठरवलं.

ब्यूफर्ड लाइलचं दुकान तुला आठवत असेल, गाईचं औषध, गळाला लावायचे किडे आणि पिस्तुलं एकाच काउंटरवर मिळतात. (परीक्षाही तोच घेतो, दुकानामागच्या कुरणात.) त्याने आधी एक चिमुकलं रिव्हॉल्वर दिलं. खिशात आहे की नाही कळणारसुद्धा नाही, म्हणाला. खिशात नाही कळलं, पण झाडल्यावर खांद्यापर्यंत कळलं. पिस्तूल जेवढं हलकं तेवढं ते चिडकं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मग त्याने एक दांडगं काढलं. ते लावून मी ट्रकमध्ये बसलो तर ते माझ्याआधी बसलं आणि माझी विजारही बरोबर खाली घेऊन गेलं. तिसरं चपटं, देखणं, शर्टाखाली कुठेही उठून दिसत नव्हतं, पण गोळी भरायला त्याचा वरचा भाग मागे ओढावा लागतो तो माझ्याच्याने ओढवेना. ब्यूफर्ड म्हणाला, "त्याला नावं ठेवू नकोस वेल्डन, तुझी बोटं निवृत्त झालीत."

इकडे शहाणी माणसं असं करतात की पिस्तूल घेण्याआधी आठवडाभर नकली पिस्तूल घरात लावून हिंडतात. कुठे टोचतं, वाकल्यावर कुठे डोकावतं, ते कळतं. ब्यूफर्डने मला निळ्या प्लॅस्टिकचं एक दिलं. मी ते लावून कोंबड्यांना दाणे घातले, पोर्चवर बसलो, ढग बघितले, आणि इतका सुखात होतो की रविवारी ते कमरेला तसंच ठेवून चर्चला गेलो. आमच्या चर्चमध्ये गळाभेटीची पद्धत तुला ठाऊक आहे. उपासना सुटेपर्यंत अख्ख्या गावाला कळतं की कोणाचं कुठे आहे. प्रत्येकाने मला मिठी मारली, चाचपलं, आणि मत दिलं. एक म्हणे पोटाशी लाव, दुसरा म्हणे पाठीशी लावणं मूर्खपणा आणि पोटाशी लावणं महामूर्खपणा, बटाट्याच्या सॅलडपाशी चर्चचा कारभार बघणारे दोन डीकन एकमेकांशी बोलेनासे झाले. निळं आहे हे कोणाला दिसलं नाही, कारण लपवलेलं होतं. मला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता.

परीक्षा काल झाली. कागदी माणसावर पन्नास गोळ्या. दुकानातलं सगळ्यात गरीब स्वभावाचं पिस्तूल मी घेतलं होतं. कुरणावर ऊन पसरलं होतं, धूळ सोन्यासारखी वर जात होती, आणि कागदी माणूस त्या धुळीत असा हलत होता की त्याला गोळी घालायला जिवावर आलं. तरी घातल्या. सावकाश, श्वास सोडून, बाबांनी शिकवल्या तशा. ब्यूफर्डने माझा कागद आणला. कागद कोरा होता, घडीसुद्धा नव्हती. तो बिचारा पिस्तुलाच्या नळीत डोकावायला लागला.

शेजारी इमोजीन प्रुइट सराव करत होत्या, आपल्या शाळेच्या लायब्ररीतल्या, आता एकोणऐंशीच्या आहेत आणि स्वेटरच्या खिशात रिव्हॉल्वर ठेवतात. त्यांनी स्वतःचा कागद उन्हात धरला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"वेल्डन, मी वीस गोळ्या मारल्या. या माणसाला सत्तर भोकं आहेत."

मी म्हटलं, बाई, अभिनंदन.

"आणि पन्नास छातीच्या मधोमध आहेत. म्हणजे हात तुझा अजून बापासारखा आहे. ट्रकची किल्ली इकडे दे."

मला त्यांनी घरी सोडलं. वाटेत म्हणाल्या, "शार्लीनला रविवारपर्यंत तू सांग, नाहीतर मी सांगते. आणि वाटेत आत्ता गेलं ते झुडूप होतं की गाय?" मी उत्तर दिलं. चुकलं. शार्लीनला कळलं तर ट्रक जाईल, आणि ट्रक गेला की या घरात राहायचं कसं, गावापासून नऊ मैलांवर? मी घाबरलोय ताई. विनोद करतोय, पण घाबरलोय.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप. निळं पिस्तूल अजून कमरेला आहे, त्याच्यासारखं सोसणारं दुसरं मिळालं नाही.

तुझा,
वेल्डन

ता. क. : इमोजीनबाईंनी माझ्या देखत फोन करून ॲबिलीनच्या डॉक्टरची वेळ घेतली. मोतीबिंदू, चौदा तारीख, सकाळी नऊ. घरी न्यायला गाडी चालवणारं माणूस बरोबर हवं, नाहीतर ते हात लावत नाहीत. तू ये. शार्लीनला मी रविवारी फोन करून सांगतो, पण "वर्नाआत्या येतेय" हे वाक्य आधी म्हणायला मिळालं तर पुढचं जमेल.

ता. क. दुसरा : दोन वर्षं हे ऑपरेशन मी का टाळलं ते विचारशीलच, म्हणून लिहून टाकतो. सुरीला भीत नाही. माझ्या नेडीनला जाऊन तीन वर्षं झाली. पोर्चवरच्या तिच्या खुर्चीवर मी तिची गोधडी टाकून ठेवतो. संध्याकाळी फाटकातून आत वळलं की ती बसलेली असते. मान जरा कलती, जशी बसायची तशी. दुसऱ्या पायरीपर्यंत असते, मग गोधडी होते. गोधडीच आहे हे मला ठाऊक असतं, तरी फाटकापासून मी ट्रक अगदी हळू नेतो.

ता. क. तिसरा : तेव्हा डॉक्टर दोन्ही डोळ्यांचं बोलायला लागले तर तू मध्ये पड. तुझं ऐकतील, तुझं सगळे ऐकतात. उजवा करा म्हणावं. गाडीला, परीक्षेला आणि शार्लीनला उजवा पुरे आहे. डावा राहू दे. फाटकाशी आलं की मी उजवा मिटून घेईन.